परातीवरचा सूर्य

मित्रांनो, पाटोद्याच्या पेठेतल्या फोटो स्टुडिओत, कपाटाच्या वरच्या फळीवर एक कॅमेरा दिसेल. चामडी कव्हर फाटलेलं, भिंगावर बुरशीचा ठिपका. तो मी. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा. माझ्या डोक्यावर उजेड मोजणारी एक सुई आहे. उजेड वाढला की ती धावते, कमी झाला की आडवी पडते, आणि तिच्याबरोबर माझाही जीव खालीवर होतो.

माझे मालक गहिनीनाथ. त्यांच्या हातात मी लग्नं पाहिली, बारशी पाहिली, शाळेचे वर्ग पाहिले. पण मला खरी धास्ती उगवत्या सूर्याची. त्याच्याकडे तोंड केलं की सुई टोकाला जाऊन आपटते. तिचं ऐकून भिंगाचं भोक लहान केलं, तर सूर्य सुरेख येतो आणि पुढची माणसं कोळसा होतात. भोक मोठं ठेवलं, तर माणसं दिसतात आणि आभाळ पांढरंफटक पडतं. एका वर्षी सहकारी साखर कारखान्याच्या कॅलेंडरवर आमचा सूर्य छापून आला. मालकांना शाल-नारळ मिळाला. ऊसतोडीची माणसं मात्र कॅलेंडरपुढे उभी राहून आपापलं तोंड शोधत राहिली, आणि कुणालाही ते सापडलं नाही.

पुढच्या साली पाऊस रुसला. लग्नं लांबली, स्टुडिओवर धूळ बसली. मालकांचा सगळा भरवसा कारखान्याच्या नव्या कॅलेंडरवर होता. ऊसतोडीची टोळी निघताना मागे उगवता सूर्य हवा, असा निरोप आला. आम्ही पहाटेच शेजारच्या वाडीवर पोचलो. रोलमध्ये एकच फोटो उरला होता, आणि दुसरा रोल कुठून आणणार?

ट्रकमध्ये बिऱ्हाडं चढत होती. तेवढ्यात कौसल्याबाई पुढे आली. तिची लेक शिवकन्या आजीजवळ राहणार होती. गेल्या साली कौसल्याबाई ऊस तोडून परतली, तेव्हा लेकीने तिला ओळखलंच नव्हतं.

"भाऊ, सूर्य न्हाई आला तरी चालंल," ती म्हणाली. "माझं तोंड दिसू द्या. पोरगी मला बघून रडती, फोटूतून तरी तिला माझी वळख ऱ्हाईल."

मालकांनी मला तिच्या चेहऱ्याजवळ नेलं, सुई तळाला गेली. सूर्याकडे वळवलं, सुई टोकाला. पुन्हा चेहरा, पुन्हा सूर्य. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. सूर्य वर चढत होता. माझं तर पाणीपाणी झालं.

इतक्यात तिची सासू रुक्मिणीबाई सुनेची परात घेऊन समोरून आली. घासून लख्ख केलेली परात जराशी कलली, आणि तिच्यावरचं ऊन थेट कौसल्याबाईच्या तोंडावर पडलं. माझी सुई टुणकन उठली.

"मावशी, परात तशीच धरा," मालक म्हणाले.

त्यांनी चेहऱ्याजवळ सुई पाहून भोक तेवढं ठेवलं आणि चार पावलं मागे सरकून खटका दाबला.

रोल धुतला. चेहरा स्वच्छ आला होता, पण परातीच्या तिरिपेने तिचा एक डोळा अर्धा मिटलेला, आणि सूर्याच्या जागी नुसता पांढरा डाग. कारखान्याच्या माणसाने फोटो परत केला. ते काम दुसऱ्याकडे गेलं. फोटोची कॉपी मालकांनी रुक्मिणीबाईला नेऊन दिली, पण माझं मन मला खात राहिलं. पोरीला आईचा चेहरा म्हणून हा वाकडा डोळाच शिकवायचा का? हिवाळाभर मला हीच चिंता. मालक बाजारात भेटले की रुक्मिणीबाई सांगायची, पोरगी रोज कागदावर बोट ठेवती. मला वाटायचं, तिला कागदच तेवढा ओळखू येईल.

टोळी परतली त्या सकाळी मालक मला गळ्यात अडकवून वाडीवर गेले. ट्रक थांबला. कौसल्याबाई उतरली ती वाळलेली, उन्हाने रापलेली. फोटोतल्या बाईशी तिचा काही मेळ बसेना. शिवकन्या आजीच्या पदराआड गेली. माझा धीर सुटला.

कौसल्याबाई तिथेच थबकली. लेकीला हाक मारायचीही तिला भीती वाटली असावी. समोरून ऊन आलं आणि तिचा तो एक डोळा अर्धा मिटला.

पदर हलला. पोर बाहेर आली. तिने आधी टक लावून पाहिलं, मग त्या डोळ्याकडे बोट केलं.

"माय," ती म्हणाली.

कौसल्याबाई मटकन खाली बसली. मालकांनी मला डोळ्याला लावलंच नाही. सदऱ्याच्या बाहीने ते स्वतःचेच डोळे पुसत होते.

मित्रांनो, आता माझी सुई हलत नाही. कुणी मला हातात घेतलंच, तर भिंग मऊ सुती कापडाने पुसा आणि मला उन्हात ठेवू नका. सूर्याचा फोटो काढताना पुढे माणूस उभा असेल, तर आधी त्याच्या तोंडाजवळ जाऊन उजेड बघा. आणि डोळा मिटला म्हणून कुणाचा फोटो फाडू नका. घरात कुणीतरी त्याला तेवढ्यावरूनच ओळखत असेल.