पाठीचे माप

मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. सुई म्हटले म्हणून हात मागे घेऊ नका मित्रांनो, मला टोचता येत नाही. माझे टोक बोथट आहे आणि ते बोट वाकवावे तसे वाकलेले आहे. त्या बोटाने लोकर पकडायची आणि फासातून ओढून घ्यायची, एवढीच विद्या देवाने मला दिली. पण तेवढ्या विद्येवर मी कितीतरी जणांना ऊब दिली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या लांब काडीचे तुकडे पडले, त्यातला एक तुकडा मी. एका यंत्राने माझा गळा कोरला, दुसऱ्याने अंगठा टेकवण्यासाठी माझ्या पोटाशी चपटी जागा केली. मग निळा रंग देऊन मला दुकानात पाठवले. तिथे मी बरेच दिवस खिळ्याला लटकून होते. एके दिवशी एका बाईने मला उतरवून घेतले, चपट्या जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "ही माझ्याच हाताची दिसते."

ती थोरली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी राहत. थोरली शाळेच्या कचेरीत कामाला, धाकटी टेलिफोनच्या. संध्याकाळी थोरली विणायला बसे आणि धाकटी दोन्ही हातांवर लोकरीची लड धरून समोर बसे. क्रोशातल्या उभ्या टाक्याला खांब म्हणतात. थोरली दर खांबाला देवाचे नाव घेई. "माझी जपमाळ अंगात घालता येते बरं," असे ती हसत सांगे.

नवा स्वेटर विणायला घ्यायचा झाला की धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राही आणि थोरली तिच्या पाठीवर टेप लावी.

"ताठ उभी राहा गं. पोक काढू नकोस."

"ताई, गुदगुल्या होतात!"

"चाळिशी आली तरी हिच्या गुदगुल्या काही सरत नाहीत. हलू नकोस, नाहीतर एक बाही घोट्यापर्यंत येईल."

मग थोरली वहीत लिही : धाकटी. खांदा साडेचौदा.

माझ्या पोटावरचा निळा रंग तिच्या अंगठ्याने घासून गेला. मित्रांनो, रंग गेल्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पुढे तिची बोटे आखडली. तिने मला पुसले, वही आणि टेपबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावले. त्या डब्यात मी वीस वर्षांहून जास्त काळ होते. तिथे अंधारापेक्षा शांतता जास्त बोचे. बाहेर दोन आवाज बोलत, ते मी कान देऊन ऐके. मग एका हिवाळ्याच्या शेवटी एकच आवाज राहिला, आणि तोही फारसा बोलेना.

झाकण उघडले तेव्हा समोर धाकटी होती. तिच्या अंगावर ताईने विणलेला शेवटचा स्वेटर होता, दोन्ही कोपरांशी विरलेला. रफू करायलाही त्यात धागा उरला नव्हता. दुकानातला घेता आला असता, पण भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे बघून ती म्हणाली, "दुकानातल्यात देवाचं नाव कोण घालणार? मीच विणते माझा. नाही जमलं ना, तर हा डबा देऊन टाकीन कुणाला तरी."

माझ्या अंगावर काटा आला. कुणाला तरी म्हणजे कुणाला?

जन्मभर लोकर धरलेले ते हात, विणणे त्यांना नवे होते. तिने मला आधी पेनासारखे धरले, मग चमच्यासारखे. ओळीच्या टोकाचा शेवटचा खांब ती दर वेळी विसरे, त्यामुळे विणलेला तुकडा वर वर निमुळता होत गेला. "ताई, बघ गं," ती फोटोला म्हणाली, "हा घालायचा की पतंगासारखा उडवायचा?" खोलीत कुणी हसले नाही. तिने तो उसवला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी कड सरळ आली, आणि त्या दिवशी ती स्वतःसाठी दोन घास जास्त जेवली.

मग प्रश्न आला मापाचा. छातीचे माप तिने घेतले, बाहीचेही घेतले. खांदा मात्र मोजता येईना. आरशाकडे पाठ करून ती टेप एका खांद्यावर धरी, दुसऱ्या खांद्याकडे हात नेई, की पहिले टोक घसरे. टेप किती वेळा खाली पडला, ते मी मोजायचे सोडून दिले. शेवटी तिने वही उघडली. ताईच्या अक्षरात साडेचौदा लिहिलेले होते. "ताईचा आकडा कधी चुकला आहे का?" असे म्हणून तिने त्याच मापाने पाठ विणली.

आकडा चुकला नव्हता हो. तो बावीस वर्षांपूर्वीचा होता.

सगळे भाग जोडून झाल्यावर तिने स्वेटर घातला. पाठीवर तो असा ताणला गेला, की पुढच्या दोन बाजू एकमेकींना भेटेचनात. मध्ये चार बोटे अंतर राहिले. ती तसाच स्वेटर घालून पलंगाच्या कडेवर बसून राहिली. समोर डबा उघडा होता. आता मी त्यात जाणार, हे मी ओळखले.

पण तिने मला उचलून अंबाड्यात खोचले, टेप घेतला आणि ती जिना चढू लागली. वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहत असे. वर्षभरात दोघींचे बोलणे जिन्यातल्या "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" याच्या पुढे गेले नव्हते. धाकटी दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा दार आतून उघडले. नर्सबाई कामावर निघाली होती.

"काय झालं मावशी? बीपी बघू का?"

"नाही हो. पाठ..."

"दुखते? कधीपासून?"

"दुखत नाही. मोजायची आहे. माझा हात पोचत नाही."

नर्सबाई क्षणभर तिच्या चार बोटे उघड्या स्वेटरकडे बघत राहिली. मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"वळा तिकडे. ताठ उभ्या राहा बघू, पोक काढू नका."

धाकटीचे खांदे हलू लागले.

"गुदगुल्या होतात वाटतं मावशींना?"

"हो," धाकटी म्हणाली. पण ती हसत नव्हती. मी अंबाड्यात होते, मला कळले.

"साडेसोळा," नर्सबाई म्हणाली, आणि टेप काढून घेतल्यावरही तिचा हात त्या पाठीवर थोडा वेळ राहिला.

धाकटीने वहीतला जुना आकडा खोडला नाही. त्याच्याखाली आपल्या अक्षरात नवा लिहिला. पाठ उसवली आणि साखळीच्या पहिल्या टाक्यापासून पुन्हा विणायला घेतली. या वेळी दर खांबाला ती ओठातल्या ओठात देवाचे नाव घेत होती. मधूनच त्या नावाच्या जागी "ताई" येई. मला वाटते देवाने ते चालवून घेतले असेल.

स्वेटर आता तिच्या अंगावर आहे. डावी बाही अर्धे बोट लांब आहे. अजूनही ती एकटीच जेवते, संध्याकाळी फोटोशीच बोलते. मी खिडकीत असते, डब्यात नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कोरड्या जागी ठेवा, पुसा, हरवू नका, हे तर आहेच. पण माझे मागणे निराळे आहे. घरात, शेजारी, जिन्यात कुणी हातात टेप घेऊन नुसतेच उभे दिसले, तर ते हाक मारतील म्हणून थांबू नका. जवळ जा आणि टेपचे दुसरे टोक धरा.