लोक सुखी झाले

परचुरे मास्तर इतिहास शिकवायचे आणि प्रत्येक वाक्याला आम्हाला एकच प्रश्न विचारायला लावायचे, "कशावरून?" पुस्तकात छापलंय म्हणून खरं, असं कुणी म्हटलं की त्याचा कान पिळायचे. उत्रोलीहून भोरच्या हायस्कुलात रोज पायपीट करावी, असं तेवढंच काय ते होतं.

मॅट्रिकची परीक्षा जवळ आली आणि उजळणी सुरू झाली. एक दिवस हेडमास्तर मागच्या बाकावर येऊन बसले. मास्तरांनी मला उभं केलं. "गेनू, इंग्रजी राज्याचे फायदे सांग."

मी घडाघडा म्हणू लागलो. "आगगाड्या आल्या, व्यापार वाढला, लोक सुखी झाले..." आणि अडलो.

"मास्तर, सुखी झाले हे कशावरून? हितं भोरात आगगाडीबी न्हाई."

पोरं हसली. मास्तरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं आणि ते मला म्हणाले,

"पेपर मुंबईत तपासतात. पुस्तकात आहे तेवढंच म्हण."

माझं टाळकं सणकलं. ज्यानं बोलायला शिकवलं तोच तोंड दाबत होता! पण नापास झालो तर जन्मभर भातखाचरातला चिखल ठरलेला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. हेडमास्तर "शाबास" म्हणून निघून गेले.

मास्तर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "आता सांग, लोक सुखी झाले हे कशावरून?"

"पुस्तकात छापलंय म्हून," मी म्हणालो आणि कान पुढं केला.

मास्तरांचा हात काही उठला नाही.