सुवाच्या नावानं

जांभळ्या फितीची पिन पदरातून आरपार जाऊन आतल्या बाजूला टोचत होती, अगदी बारीक, श्वास घेतला की टोचायची आणि सोडला की थांबायची. एंजेलाला ती काढून नीट लावता आली असती, पण तिनं काढली नाही. टोचतंय ते बरंय… निदान काहीतरी टोचतंय एवढं तरी कळतंय. फीत लावली म्हणजे ती बाई मौनात आहे, तिच्याशी बोलायचं नाही, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. लेंथचे, उपासाचे चाळीस दिवस संपत आलेले, झावळ्यांचा रविवार तोंडावर, म्हणून मंडळीतल्या बायकांना एक दिवस शांततेचा: नगरहून बस करून राहुरीच्या पुढं, मुळा धरणाच्या अंगाला असलेल्या जुन्या मिशन बंगल्यात यायचं आणि दुपारच्या चहापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. देव आणि आपण, बस.

पाळकसाहेब तरुण होते. 'विसावा' हा शब्द ते इतक्या सहज उच्चारत, जणू खिशात रुमाल असावा तसा तो त्यांच्याजवळ नेहमीच असतो आणि मागेल त्याला ते काढून देतील. ज्यांनी ओझी वाहिली त्यांनी ती आज इथं खाली ठेवावीत, असं ते म्हणाले, आणि बायकांनी माना डोलावल्या. एंजेलानंही डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

सकाळी निघताना तिचा नवरा सॅमसन म्हणाला होता, "जाऊन ये. दहा वर्षं आईचं केलंस. आता जरा विसावा घे." म्हणजे विसावासुद्धा त्यानंच दिला, दहा वर्षांपूर्वी आई दिली होती तशीच. तेव्हाही तो असाच दारात उभा होता, नागापूरच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जायच्या घाईत, एक पाय बुटात. "आईला आपल्याकडंच आणू. तू आहेसच." तू आहेसच. या दोन शब्दांवर तिची बालवाडीतली नोकरी गेली, आधी काही महिन्यांसाठी, मग कायमची. दुपारची झोप गेली, मावशीकडं जाणं गेलं, नाताळातलं गायन गेलं. लग्नात घेतलेल्या वचनात हे कुठं होतं, असं तिनं कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेसुद्धा तिला फार उशिरा कळलं.

चिंचेखाली सतरंजी टाकली होती. उन्हाचे तुकडे तिच्यावरून हळूहळू सरकत होते. लांब रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, मधूनच शिंगणापूरकडं वळणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, आणि ते थांबले की मग ती शांतता, जिच्यासाठी एवढ्या लांब आणलं होतं. एंजेलानं डोळे मिटले. देव येईल म्हणे. बंगल्याच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठली — पेज, आईंची पेज, उतरवायला हवी, निवायला वेळ लागतो — आणि मग बाजूच्या बायका बघतायत असं वाटून साडी सारखी केल्यासारखं करून पुन्हा बसली. आईंना जाऊन दोन महिने उलटले होते. त्या गेल्या तेव्हा दारावरची नाताळाची चांदणी अजून उतरवायची होती. मन कधीच मोकळं झालंय असं एंजेलाला वाटत होतं, पण या गुडघ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मला न्हाई जमत बाई गप बसायला," शेजारून कुजबुज आली. वांबोरीच्या चांगुणाबाई, फीत लावूनही सकाळपासून देवाशी आणि माणसांशी आळीपाळीनं बोलत होत्या. "तुजी ननंद आलीया न्हवं? पुन्याहून, सोताची गाडी घिऊन. मगाशी बघितली, डोळं कसं सुजल्यात आईसाठी. लेक ती लेकच."

एंजेलानं छातीवरच्या फितीकडं बोट दाखवलं.

"व्हय व्हय. ऱ्हायलं." चांगुणाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

नणंद, सुवार्ता, पलीकडं कडुनिंबाखाली बसली होती. पांढरी साडी, पाठ ताठ, चेहरा वर. प्रार्थना करताना तीच माणसं इतकी सुंदर दिसतात, ज्यांना कुणी मधेच हाक मारत नाही. वर्षातून दोनदा यायची. यायच्या आदल्या दिवशी फोन, मग एंजेलानं आईंना नाहू घालायचं, चादर बदलायची, पाठीच्या जखमेवर नवी पट्टी, खोलीत उदबत्ती. सुवार्ता मोसंबी घेऊन यायची, आईचा हात हातात घ्यायची, रडायची, त्या हाताचा फोटो काढायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त असते." हेही पुन्हा तेच. तू आहेस. तुम्ही आहात. मी आहे, म्हणून बाकी सगळ्यांना नसण्याची मुभा आहे…

सासूबाईंची, आक्काबाईंची, उजवी बाजू पक्षाघातानं गेलेली आणि काचबिंदूनं डोळे गेलेले. पण जीभ होती, आणि जिभेवर एकच नाव होतं, लेकीचं. सुवा. पाणी हवं तरी सुवा, कूस बदलायची तरी सुवा. पहिली एकदोन वर्षं एंजेला सांगायची, "आई, मी एंजेला." त्या ओठ घट्ट मिटायच्या, आणि चमचा दातांवर आपटून पेज हनुवटीवरून गळ्यात उतरायची. मग एका दुपारी, फार थकलेली असताना, "सुवे, तू हायस का?" या प्रश्नाला ती "होय" म्हणाली. आवाज जरा खाली घेऊन, सुवार्ता बोलते तसा. त्या दिवशी वाटीभर पेज संपली. वाटी पुसून घेताना एंजेलाला हसू आलं होतं, आणि रात्री त्याच हसण्याची लाज वाटली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा "होय" म्हणाली. मग ते रोजचंच झालं.

पण आक्काबाई काही वेड्या नव्हत्या. त्या अंधारात त्यांनी एकाच बाईच्या दोघी केल्या होत्या. भरवणारी, केस विंचरणारी, हळू बोलणारी ती सुवा. आणि पहाटे झोपमोड करून ओली चादर ओढून काढणारी, कुशीवर ढकलणारी, जखम धुताना न बोलणारी ती एंजेला. सुवाशी त्या एंजेलाबद्दल बोलायच्या. आणि मी ऐकायची, चमचा हातात धरून… माझ्याच चुगल्या.

शेवटच्या सकाळीही तेच झालं. थंडी होती, शेजारी कुणीतरी बंब पेटवलेला. आक्काबाईंनी डावा हात चाचपत वर आणला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. कातडीच उरलेला हात, पण केवढा जड लागला. "सुवे, तुजं चांगलं व्हईल. तुज्या लेकरांवर देवाचा हात ऱ्हाईल." एंजेलाला लेकरं नव्हती. डोकं वाकवून तिनं ते सगळं घेतलं, दुसरीच्या दारात पडलेलं टपाल घ्यावं तसं. संडे स्कूलमध्ये ती मुलांना आंधळ्या बापाची गोष्ट सांगायची, मोठ्याचा आशीर्वाद धाकट्यानं कसा लबाडीनं घेतला ती. त्या धाकट्याला निदान तो हवा तरी होता. आणि मग, हात तसाच डोक्यावर असताना, आक्काबाई म्हणाल्या, "मला तुज्याकडं ने. हिच्या हातात राग हाय."

दुपारी त्या गेल्या.

दफनाच्या दिवशी, माती टाकून झाल्यावर, सुवार्ता गळ्यात पडली तेव्हा एंजेलानं तिच्या कानात सांगितलं, "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होत्या. आशीर्वादही तुलाच दिला." तिनं ती चपराक म्हणून दिली होती. तू नव्हतीस, तरी तूच होतीस, बघ. पण सुवार्तेनं ती फुलासारखी घेतली, छातीशी धरली, आणि आणखी रडली.

चहाच्या आधी बंगल्याच्या व्हरांड्यात सगळ्यांना गोळा केलं. मौन संपलं, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं. आज देवानं काय दिलं याची ज्यांना साक्ष द्यायची असेल त्यांनी उभं राहावं. पहिली उभी राहिली ती सुवार्ता. एंजेलाला हे सकाळपासून ठाऊक होतं, दाढ दुखणार हे आदल्या रात्री कळतं तसं.

"माझी आई दहा वर्षं अंथरुणावर होती," सुवार्ता म्हणाली. आवाज चांगला होता तिचा, खालच्या पट्टीतला. "मी लांब होते. मला फार वाटायचं, आपल्याला सेवा मिळाली नाही. पण आज शांततेत देवानं मला दाखवलं, की प्रत्येकाला तो वेगळं काम देतो. सेवेसाठी त्यानं माझ्या वहिनीला निवडलं. त्या इथंच बसल्यात. आणि मला त्यानं आईचा आशीर्वाद दिला. मी जवळ नसतानाही ती माझंच नाव घेत होती. आज माझ्या मनावर काही ओझं नाही."

"आमेन," बायका म्हणाल्या. चांगुणाबाईंनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी वळून एंजेलाकडं बघितलं, प्रेमानंच बघितलं. "एंजेलाताई, दोन शब्द बोलता?"

ती उठली. सगळे चेहरे तिच्याकडं, उन्हानं आणि उपासानं मऊ झालेले. निवडलं. देवानं वरून नगरातली घरं बघितली आणि बोट ठेवलं, ही. हिला विचारायची गरज नाही. तिच्या तोंडात सगळं आलं होतं, ओली चादर, दातांवर आपटणारा चमचा, एक पाय बुटात घातलेला नवरा. एवढ्या मौनानंतर आवाज जड येईल असं वाटलं, पण तो नेहमीसारखाच आला.

"आई शेवटी शांत होत्या," ती म्हणाली, आणि बसली.

"आमेन."

चहा घेऊन ती बंगल्याच्या मागल्या अंगाला गेली, तर सुवार्ता मागोमाग आली. कप तिच्याही हातात होता.

"वहिनी, एक विचारू? दफनाच्या दिवशी नीट बोलणं झालंच नाही. आई नेमकं काय म्हणाली? तिचे शब्द सांगा ना. मला ते जपून ठेवायचेत."

"तुझं चांगलं होईल म्हणाल्या. तुझ्या लेकरांवर देवाचा हात राहील, असं."

"आणि?"

एंजेलानं तिच्याकडं बघितलं. डोळे खरंच सुजलेले होते. आक्काबाईंसारखीच हनुवटी, मधे खळगा असलेली. रोज पुसलेली हनुवटी. इथं थांबता आलं असतं. 'आणि' एवढंच विचारलं होतं तिनं, 'काही नाही' हेही उत्तर होतं.

"मला तुझ्याकडं ने, म्हणाल्या."

सुवार्तेचं तोंड जरा उघडं राहिलं. कप तिनं कठड्यावर ठेवला, अगदी कडेला, मग तो आत सरकवला.

"नेहमी म्हणायची?"

"शेवटच्या दिवशी म्हणाल्या. आधीही… म्हणायच्या."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, वहिनी."

"तू कधी विचारलंस?"

सुवार्ता वळली आणि गाडीकडं चालत गेली. ताठ पाठ आता ताठ नव्हती. एंजेला बघत राहिली, काहीतरी होईल म्हणून, आपल्याला हलकं वाटेल म्हणून. या क्षणाची तिनं किती रात्री मनात तयारी केली होती. आणि झालं एवढंच, की चहा गार झाला. मेलेल्या बाईचं अर्धं वाक्य तिनं दगडासारखं मारलं होतं, नेमही चुकला नव्हता, आणि उरलेलं अर्धं आता तिच्याजवळ एकटं राहिलं होतं.

बस नगरकडं निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. बायकांनी भजन धरलं. दिवसभर कोंडलेले आवाज मोकळे झाले होते. चांगुणाबाई टाळ्या वाजवत होत्या. "म्हन की ग," त्या म्हणाल्या, "आता कुनाची मनाई न्हाई."

"म्हणते," एंजेला म्हणाली.

पण ती म्हणत नव्हती. हिच्या हातात राग हाय. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही. सॅमसनला सांगितलं तर तो म्हणेल, जाऊ दे, आजारी माणूस. पाळकसाहेब म्हणतील, नाही हो, तुमच्या हातात सेवा होती. सगळे तिची बाजू घेतील, आणि सगळे खोटं बोलतील. होता राग. कुशीवर वळवताना होता, जखम धुताना होता, ओला कपडा पिळताना तर फारच होता. दहा वर्षांत एवढ्या माणसांमधून तो एकीनंच ओळखला होता, जिला दिसत नव्हतं तिनं. आणि त्या बाईशी आपण कधी आपल्या आवाजात भांडलोसुद्धा नाही… "होय" म्हणत राहिलो, सुवा होऊन, कारण पेज संपायची.

मग एंजेलाला भलतंच काहीतरी वाटलं, जे दिवसभराच्या शांततेत वाटलं नव्हतं आणि दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तिला आक्काबाई हव्याशा वाटल्या. त्यांच्यावर माया होती म्हणून नव्हे. माया होती का, हे ती आताही सांगू शकली नसती. एकदाच, पलंगाच्या कडेला बसून, सुवाचा आवाज न काढता, होता राग आई, तुम्ही बरोबर ओळखलंत, असं त्यांना सांगायचं होतं. त्यावर त्या काय म्हणाल्या असत्या? ओठ घट्ट मिटले असते बहुतेक. किंवा कदाचित…

भजनाचं दुसरं कडवं सुरू झालं. त्या गोंगाटात तिचे ओठ हलत होते. चांगुणाबाईंना वाटलं, ती गातेय, आणि त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.