अर्धं दार

अंध मुलींच्या त्या सरकारी निवासी शाळेत नियम ढीगभर होते, पण वसतिगृह सांभाळणाऱ्या विजयाबाईंचा खरा नियम एकच: दार एक तर भिंतीला टेकेपर्यंत उघडं, नाही तर कडी लावून बंद. अर्धं दार दिसलं की बाईंचं डोकंच फिरायचं. तपासणीला आलेल्या एका साहेबालाही त्यांनी यापायी चारचौघांत झापलं होतं. म्हणूनच तिथं राहून शिकणाऱ्या जयाला सहा वर्षांत साधं खरचटलंही नव्हतं.

आणि नेमकी आई आलेली असताना तिनं दारावर कपाळ आपटून घ्यावं!

लंकाबाई शेवगावहून आली होती. दसरा झाला, आठवड्यात ऊसतोडीला निघायचं, म्हणून लेकीला शेंगदाण्याचे लाडू द्यायला. जया तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन नेहमीसारखी झपाझप आली आणि खाडकन खोलीच्या दारावर आदळली. तांब्या एकीकडे, जया दुसरीकडे. बघता बघता कपाळावर टेंगूळ आलं.

"अगं माझे बाय!" लंकाबाईनं ओला पदर कपाळाला लावला आणि तिथंच ठरवून टाकलं. "कापडं भर. हितं तुला बघाया कोन हाय? हापिसात जाऊन नाव काढते. माझ्या डोळ्यांम्होरं कोपीवर ऱ्हाशील."

जयाची मार्चमध्ये दहावीची परीक्षा. तोडकऱ्यांच्या झोपडीत, कोपीवर गेली की परीक्षा गेली, शाळाही गेली. रडू फुटत होतं. पण रडलं तर आईचं म्हणणंच खरं ठरलं असतं. तिनं विचारलं, "आई, ह्या खोलीत शेवटी कोन आलं?"

"मीच की."

"दार किती उघाडलंस?"

"ऊन लागू नये म्हून जरासं लोटलं व्हतं..." लंकाबाईनं वळून दाराकडं बघितलं.

"बंद दार हाताला लागतं. उघडं दार वाट देतं. अर्ध्या दाराची कड हाताला चुकती आन कपाळाला सापडती. आमी साठ जनी हितं धावतो, आमच्यातली कुनीबी असं दार ठिवत न्हाई. आन तू पहाटं उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर मला कोन बघनार?"

लंकाबाई पिशवी उचलून बाहेर पडली. व्हरांड्यात डावीकडे ऑफिस, उजवीकडे फाटक. जया जागची हलली नाही. इतकं कान देऊन तिनं आजवर काही ऐकलं नव्हतं.

आधी तिच्याच खोलीचं दार धाडकन भिंतीला टेकलं. मग उजवीकडच्या खोलीचं. मग त्यापुढचं. बाकीची दारं आधीच सताड उघडी होती, तरी लंकाबाई एकेक ढकलून बघत चालली होती.

फाटकाजवळून हाक आली, "जये! परीक्षा झाली की न्याया येते. दारं समदी बघितली हायती!"