लाथा खाणाऱ्या पॅडची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. तायक्वांदोच्या वर्गात मुलं ज्यावर लाथा मारतात, ते. रॅकेटसारखी माझी मूठ, आणि पुढं फोम भरलेली रेक्झिनची दोन पानं. लाथ बसली की एक पान दुसऱ्यावर आपटतं आणि ‘ठाप’ असा आवाज होतो. त्या आवाजासाठीच मला बनवलं गेलं.

पंजाबातल्या एका कारखान्यात शिवला गेलो आणि तिसगावच्या बाजारतळाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. तिथं आबासाहेब सर वर्ग घ्यायचे. सुरुवातीला मुलं मला धरायला भांडायची. मग माझी शिवण उसवली, मुठीला चिकटपट्टी लागली, आणि वर्ग सुटला की मला कोपऱ्यात भिरकावलं जाऊ लागलं. पण लाथांबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग आहे तो एका हातावर.

तो हात करणचा. करण वर्गातला सगळ्यात मोठा मुलगा. सर दुसऱ्या टोकाला लहान मुलांना शिकवत असत, म्हणून इकडं पॅड धरायचं काम त्याच्याकडं होतं. नगरला जिल्ह्याची निवड चाचणी होणार होती आणि एका वजनगटात आमच्या वर्गातून एकीलाच पाठवायचं होतं. त्या गटात दोघी होत्या. पंकजा, म्हणजे करणची चुलतबहीण, आणि राजनंदिनी. राजनंदिनीचे आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि ती आत्याकडं राहत होती.

“काय गं, कोयता आणला न्हाई व्हय आज?” करण तिला रोज असंच काहीतरी बोलायचा.

“आणला असता तर आधी तुझी जीभ छाटली असती. पॅड धर नीट.”

सर पाठमोरे असत आणि कानांनी लाथा मोजत. ज्या लाथेचा आवाज मोठा ती वेगवान, असा त्यांचा हिशोब. मित्रांनो, त्या हिशोबात एक भोक होतं. आवाज फक्त पायाच्या वेगावर ठरत नाही. पाय आणि मी एकमेकांकडं जेवढ्या वेगानं येऊ, तेवढा तो मोठा होतो. हे करणला कळलं होतं. पंकजाचा पाय उठला की तो मला हळूच पुढं झोकायचा. ठाप! राजनंदिनीचा पाय उठला की मनगट मागं घ्यायचा. ढब्ब. कधी इतकं मागं, की तिची लाथ हवेतच जायची आणि गुडघ्याला हिसका बसायचा. ती लंगडत परत जागेवर यायची. गुडघा सुजला होता. मला ते दिसत होतं, पण मला फक्त आपटता येतं, बोलता येत नाही.

“राजनंदिनी, उशीवर मारती का?” सर लांबून ओरडले. “पंकजाचा आवाज ऐक जरा!”

“सर, हा हात वढतोय!”

“म्या कुठं वढला? हिचाच पाय पोचंना,” करण हसला.

“ए, जमत न्हाई तर सोड की,” पंकजा म्हणाली. “माझ्या दादाला कशाला नावं ठेवती?”

राजनंदिनीनं मला करणच्या हातातून हिसकावलं आणि तरातरा सरांपुढं नेऊन आदळलं. “सर, याला खांबाला बांधा. कुणाचाच हात नको.”

“आता पॅडचा दोष व्हय?”

“पॅडचा दोष न्हाई. बांधून तर बघा.”

सर वैतागले, पण सुतळी घेऊन त्यांनी माझी मूठ शेडच्या लोखंडी खांबाला आवळली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्याही हाताशिवाय स्थिर होतो.

राजनंदिनी दुखरा पाय टेकवून उभी राहिली आणि दुसऱ्या पायानं लाथ मारली. ठाप! बाहेरच्या भाजीवाल्यानंही वळून बघितलं.

मग पंकजा आली, रोजच्याच अंतरावर उभी राहिली. पाय सुंदर उठला, आणि अंगठा माझ्या कडेला नुसता घासून गेला. ती पुढं सरकून परत मारायला गेली, पण लाथेत वेगच नव्हता. ढब्ब.

“पॅड वाकडं बांधलंय!” करण ओरडला.

सरांनी मला सरळ केलं. पंकजानं पुन्हा मारली. आवाज तसाच.

पंकजा रडली नाही. ती करणकडं वळली.

“दादा, तू पॅड पुढं आणीत हुता?”

“तुझ्यासाठीच केलं ना. तुलाच नगरला जायचं हुतं ना?”

“आन् तिथं? समोरची पोरगी काय आपलं डोकं पुढं आणून देणार हुती व्हय? मला वाटायचं माझा पाय लई जोरात चालतो. वाटोळं केलंस तू माझं.”

“राजनंदिनी, नगरला तू चल,” सर म्हणाले. तिची माफी त्यांनी मागितली नाही, आणि तिनंही आभार मानले नाहीत. “दवाखान्यात गुडघा दाखवते आधी,” एवढंच बोलली. करण चपला घालून निघून गेला.

वर्ग सुटल्यावर पंकजानं मला खांबावरून सोडवलं आणि राजनंदिनीच्या छातीवर ढकललं.

“धर. मागं वढलंस तरी चालंल. पुढं तेवढं आणू नको.”

“मी वढत बी न्हाई. मार.”

दोघी एकमेकींकडं अजूनही खाऊ का गिळू अशाच बघत होत्या. पण मला धरलेला हात हलला नाही.

मित्रांनो, ओलीत टाकल्यानं पॅड कुजतं, उन्हात टाकल्यानं तडकतं. तेवढी काळजी तुम्ही घ्यालच. माझं मागणं त्याहून मोठं आहे. कधी मला हातात घेतलंत, तर समोर कोण उभं आहे ते बघू नका. जागेवर, घट्ट धरा. आणि समोर तुमचं लाडकं माणूस असेल, तर आणखी घट्ट.