पाच मजल्यांचा वाढदिवस

भिंगरीला सात वर्षं पूर्ण होत होती आणि तिच्या आत्याने हॉल पक्का करून टाकला होता. पक्का म्हणजे मनातल्या मनात. उड्या मारायला हवेचा किल्ला, एक जादूगार, फुग्यांची कमान आणि निघताना प्रत्येक पोराच्या हातात भेटवस्तूंची पिशवी. आत्याचं पार्लर होतं आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या पोरांचे वाढदिवस असेच व्हायचे.

"वर्गातल्या सगळ्यांचे तिथेच होतात," ती भावजयीला म्हणाली. "आपल्या पोरीनेच काय घोडं मारलंय?"

भिंगरीची आई कपडे आल्टर करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, सैल झालेले झगे आत घ्यायचे, चेन बदलायच्या. घरीही काही ना काही हातात असायचंच. तिने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"ताई, यंदा नाही झेपायचं. ह्यांचं काम थंडावलंय. पोरं आपल्या घरी आली तर काय बिघडलं?"

"घरी? पाचव्या मजल्यावर? लिफ्ट नाही, आणि खोलीत चार माणसं बसली की पाचव्याला दाराबाहेर उभं राहावं लागतं!"

आईने टाचण्यांची डबी बंद केली. उत्तर भिंगरीकडे होतं. ती एका जागी कधीच ठरायची नाही, म्हणून तर तिला भिंगरी म्हणायचे. खिडकी ते दार अशा फेऱ्या मारता मारता ती म्हणाली, "मग दाराबाहेरच करू ना. जिन्यात!"

आत्याने कपाळावर हात मारला. आईने मात्र हातातलं शिवण खाली ठेवलं. इमारतीचा जिना तिच्या डोळ्यांसमोर आला. मधे चौकोनी पोकळी, भोवती वळत वळत वर जाणाऱ्या रुंद पायऱ्या, प्रत्येक मजल्यावर ऐसपैस जागा. प्रत्येक मजल्यावर एक खेळ ठेवला तर? खाली सुरुवात, आणि सगळ्यात वर केक!

आमंत्रणं तयार करताना माय-लेकींनी घर डोक्यावर घेतलं. दुकानात कपड्यांचे नमुने कापायचा खाकी कागद असे. त्याचे उरलेले पट्टे मालकिणीने आनंदाने दिले. आईने पट्ट्यांना घड्या घालून छोटे छोटे जिने केले. भिंगरीने प्रत्येक पायरीवर एकेक शब्द लिहिला. "चढत – चढत – ये – माझ्या – वाढदिवसाला". सर्वात वरच्या पायरीवर एक कागदी मुलगी उभी, आणि तिला चिंधीचा खराखुरा झगा. कुणाला ठिपक्यांचा, कुणाला रेघांचा. एकही झगा दुसऱ्यासारखा नव्हता.

भिंगरीचे बाबा उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. त्यांनी एक जिना तळहातावर ठेवून उघडमीट केला. "हे पोस्टात टाकू नका हं," ते म्हणाले, "पोस्टमन स्वतःच घेऊन जाईल."

वर्गात आमंत्रणांवर उड्या पडल्या. झग्यांची अदलाबदल झाली, एका मुलाने तर आपला जिना बाकावरून गोगलगायीसारखा चालवून दाखवला. भिंगरी तरंगतच घरी आली. पण जेवताना भात नुसता चिवडत होती.

"पेन्सिल येणार नाहीये," तिने शेवटी सांगितलं. "ती गावाला जाणारे."

पेन्सिल म्हणजे भिंगरीच्या बाकावरची मैत्रीण. काटकुळी, म्हणून पेन्सिल. ती दोन कुबड्या घेऊन चालायची. शाळेत त्यांचा वर्ग तळमजल्यावर होता, तो तिच्यामुळेच. आईच्या मनात काहीतरी टोचलं, पण नेमकं काय ते तिला उमगलं नाही.

ते उमगलं दोन-तीन दिवसांनी, दुकानात. पेन्सिलची आई लेकीचा गणवेश घेऊन आली होती. कुबडी घासून घासून काखेखालचं कापड विरलं होतं, तिथे आतून ठिगळ लावायचं होतं.

"गावाहून कधी येणार तुम्ही?" भिंगरीच्या आईने सहज विचारलं.

"गावाला? आम्ही कुठे जातोय?" पेन्सिलच्या आईला कळेना. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, तसं म्हणाली असेल ती. ते कार्ड तिने घरी आणलं. रात्री उशाशी घेऊन झोपते. मी म्हटलं, जाऊ या. तर म्हणे, मी असले की सगळ्यांना प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं."

भिंगरीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चढत चढत ये! किती हौसेने लिहिलं होतं! आणि घड्या तर तिनेच घातल्या होत्या. गणवेशाचं ठिगळ तिने तिथल्या तिथे लावून दिलं, पण सुई दोनदा बोटात घुसली.

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा भिंगरी रडली नाही. तिचा संताप झाला, आणि तो स्वतःवरच. "मला कसं नाही सुचलं? मी तिच्याशेजारी बसते!"

"त्यात काय," बाबा म्हणाले, "मी उचलून आणतो की तिला वर."

"नाही! ती उचलू देत नाही. सहलीला सरांनी उचललं होतं, तर दिवसभर कुणाशी बोलली नाही ती."

मग ठरलं, वाढदिवस तळमजल्यावरच करायचा, दारातून आत आल्यावर जी मोकळी जागा होती तिथे. पण त्यासाठी हेडबाईंना विचारणं भाग होतं. हेडबाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "जिना खेळण्यासाठी नाही" ही पाटी त्यांनीच लावली होती आणि आख्खी इमारत त्यांना टरकून असायची.

हेडबाईंनी दार अर्धंच उघडलं. माय-लेकींचं सगळं ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून भिंगरीकडे पाहिलं.

"बाकीची पोरं काय करणार?"

"पळापळी. वर जाऊन वस्तू शोधून आणायच्या."

"आणि तुझी मैत्रीण?"

"ती... खाली खुर्चीत बसेल. आम्ही आणलेल्या वस्तू मोजेल."

"म्हणजे बघत बसेल." हेडबाईंचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "इतरांचे खेळ बघायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. ते तिला शाळेत रोज बघायला मिळतं. जा, आधी नीट विचार कर. मग परवानगी माग."

दार बंद झालं. आईला राग आला होता. पण पायऱ्या चढताना तिच्या लक्षात आलं, की बाई बोलल्या त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. भिंगरी तर जिन्यातच बसकण मारून कठड्यातून पोकळीत खाली बघत राहिली. बाबा कामाचं सामान खांद्यावर टाकून वर येत होते. दोर, बादल्या, आणि दोराला लटकणारी लोखंडी कप्पी.

"बाबा, तुम्ही रंगाची बादली वर कशी नेता?"

"मी कशाला नेतोय? मी वर लटकलेला असतो. खाली जोडीदार उभा असतो, तो दोर ओढतो. त्याच्या हातात जोर नसेल तर माझं काम अडलं." बोलता बोलता बाबा थांबले. लेकीचे डोळे कुठे पोचलेत ते त्यांना दिसलं. "ए भिंगरे! तिच्या हातात जोर आहे का पण?"

"बाबा, ती दिवसभर हातांवर चालते!"

दुसऱ्या दिवशी पेन्सिलसाठी नवं आमंत्रण तयार झालं. ह्यात पायऱ्या नव्हत्या. कागदाची उभी विहीर, आत दोऱ्याला बांधलेली बोटाएवढी टोपली. दोरा ओढला की टोपली वर यायची, आणि टोपलीत चिठ्ठी: "तू ओढल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. खरंच." पेन्सिलने दोरा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मग हळूच विचारलं, "खरी टोपली केवढी आहे?"

हेडबाईंनी ह्या खेपेला दार पूर्ण उघडलं.

वाढदिवसाच्या दिवशी बाबांनी पाचव्या मजल्याच्या तुळईला कप्पी बांधली, स्वतः दोराला लोंबकळून तपासली, आणि वेताची मोठी टोपली पोकळीत सोडली. आत्या फुगे घेऊन आली ती नाक मुरडतच. "हॉलमध्ये एसी असतो," ती म्हणाली. पण तिने सगळे फुगे स्वतःच फुगवले, हे सांगायला हवं.

पोरं आली. झाडून सगळी आली! पेन्सिल भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, कुबड्या बाजूला ठेवल्या आणि दोर हातात घेतला. दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा भोंगा. काय आणायचं ते तिनेच ठरवायचं, असा खेळ होता. पोरांच्या दोन टोळ्या. ज्या टोळीची वस्तू आधी टोपलीत पडेल तिला गुण.

"गोल पण न घरंगळणारं!" पेन्सिल भोंग्यातून ओरडली.

धडाधडा पोरं वर पळाली. शेजाऱ्यांची दारं उघडी होती. तिसऱ्या मजल्यावरून ताटली आली, चौथ्यावरून टोपी. पेन्सिल टोपली ज्या मजल्याला हवी तिथे अचूक थांबवत होती. "वास येणारं!" तर एका पोराने स्वतःचा मोजा टाकला आणि खाली पंच म्हणून उभी असलेली आत्या किंचाळली. जो दांडगा मुलगा सगळ्यांना ढकलायचा, तो म्हणाला, "मी ओढतो आता." त्याने ओढलं. टोपली एक मजलाभर वर गेली आणि सर्रकन खाली आली. बाबांनी मागे दोराचं टोक धरलं होतं म्हणून बरं. तो तळहात चोळत बाजूला झाला. "हिला कसं जमतं?" त्याने विचारलं, आणि त्यात चिडवणं नव्हतं.

पेन्सिलच्या अंगात आता वारं शिरलं होतं. तिने भोंगा उचलला. "हेडबाईंपेक्षा जुनं काहीतरी!"

पळायला निघालेली पोरं जागच्या जागी थबकली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या मजल्यावर काठी वाजली, हेडबाई कठड्याशी आल्या आणि त्यांनी टोपलीत दोन्ही हातांनी एक वस्तू ठेवली. त्यांच्या आजीची, कोळशावर चालणारी लोखंडी इस्त्री.

"माझ्यापेक्षा जुनं एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "सांभाळून घे. पायावर पडली तर नाचशील."

दोर ताणला गेला. पेन्सिलच्या दंडावर शिरा उठल्या. बाबा पुढे झाले, पण तिने मानेनेच त्यांना नको म्हटलं. हातावर हात, हातावर हात. इस्त्री जिना उतरणाऱ्या म्हातारीसारखी शांतपणे खाली आली आणि आवाजही न करता फरशीवर टेकली. पोरांनी अशी बोंब ठोकली की रस्त्यावरची माणसं दारात येऊन डोकावली.

"आता केकही ह्याच वाटेने येऊ द्या!" हेडबाईंनी वरून फर्मावलं.

केक पाचव्या मजल्यावर होता. आईने पहाटे उठून भाजलेला, वर जॅमचे थर, कडेने साखरेची झालर. तो आत्या दोन्ही हातांनी जपून खाली आणणार असं ठरलं होतं. रिकामी टोपली पाचव्या मजल्याशी येऊन थांबली आणि तिथे उभ्या आईने पोकळीतून खाली पाहिलं. इतक्या वरून पेन्सिल एवढीशी दिसत होती, पण तिने मान वर केली होती आणि ती वाट बघत होती.

आईने केक टोपलीत ठेवला.

टोपली सुटली. मजल्यामजल्यावर कठड्याला पोरं लटकली होती. चौथा. तिसरा. तिथे टोपली जराशी डोलली, आत्याने डोळे मिटून घेतले, आणि पेन्सिल थांबली. डोलणं पूर्ण थांबेपर्यंत थांबली. मग पुन्हा सोडायला लागली. दुसरा. पहिला. टोपली फरशीला टेकली आणि पेन्सिलने आत वाकून पाहिलं.

"झालर पण नाही मोडली!" ती भोंग्याशिवायच ओरडली.

त्यानंतर जो जल्लोष झाला त्यात कोण काय म्हणत होतं ते कुणालाच कळलं नाही. आई पायऱ्या उतरून आली तेव्हा धापेपेक्षा हसूच जास्त होतं. भिंगरीने केक कापला आणि पहिला तुकडा स्वतः न खाता मैत्रिणीच्या तोंडात कोंबला. दांडग्या मुलाने तीन तुकडे खाल्ले. आत्या हेडबाईंना विचारत होती, की तिच्या गिऱ्हाइकांना असं काही हवं असेल तर कप्पी भाड्याने मिळेल का, आणि हेडबाई तिला सांगत होत्या, की कप्पी मिळेल, डोकं मिळणार नाही.

संध्याकाळी पेन्सिलची आई न्यायला आली ती दारातच थबकली. तिची लेक कुबड्यांशिवाय भिंतीला टेकून उभी होती, केस विस्कटलेले, गालाला जॅम, आणि आठ-दहा पोरं तिला गराडा घालून आपापलं सामान वर पाठवायला रांग लावत होती.

"चल गं," ती म्हणाली. "उशीर झाला."

"थांब जरा, आई!" पेन्सिलने दाराकडे न बघताच सांगितलं. मग तिने भोंगा तोंडाला लावला, पाचव्या मजल्यापर्यंत पोचेल असा. "ऐका रे सगळे! पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे! सगळ्यांनी आमच्याकडे यायचं!"

पाचही मजल्यांवरून होकार कोसळला. पेन्सिलच्या आईने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. लेकीने आजवर कुणालाच घरी बोलावलं नव्हतं.

"अगं, हे कधी ठरलं?"

"आत्ता," पेन्सिल म्हणाली, आणि दोराला हिसका देऊन टोपली वर चढवली.