टॉर्टिया म्हणजे काय

त्या काळी लकडगंजात इंग्रजी अडलं की माणूस थेट गोपाळराव सरांची ओसरी गाठायचा. तार असो, कोर्टाचा कागद असो, नोकरीचा अर्ज असो, सर चष्मा पुसत आणि अर्थ सांगत. काय दिवस होते! समोरच्या आरा मशीनवर सागवान चिरलं जायचं, त्याचा भुसा उडत चहाच्या कपात यायचा, आणि ओसरीवर चार माणसं बसलेली असायची. त्या चार माणसांसमोर सरांनी उभ्या जन्मात कधी 'मला माहीत नाही' म्हटलं नव्हतं. मास्तरकीचा रोग, दुसरं काय!

त्र्याहत्तर साली शेजारच्या जयवंताबाईची पुष्पलता नर्स होऊन अमेरिकेला, टेक्सासला गेली. नवरा वारल्यावर लोकांची धुणीभांडी करून बाईनं या एकुलत्या पोरीला शिकवलं होतं. पोरीचं पहिलं पत्र सरांनीच वाचून दाखवलं. 'आई, इथं सगळं आहे, फक्त भाकर नाही. डबलरोटीनं पोट भरतं, जेवल्यासारखं वाटत नाही.'

जयवंताबाई घरी गेली, तवा घासला आणि खुंटीला टांगून टाकला.

"जवरलोक माह्या पोरीले भाकर भेटत नाही, तवरलोक माह्या घरी तवा चढत नाही," तिनं गल्लीला सांगितलं. आपल्याकडे लोक काशीला जाऊन वांगं सोडतात, या बाईनं घरबसल्या भाकर सोडली. ज्वारीवर वाढलेला देह तो, भातावर किती दिवस तगणार?

होळीच्या सुमारास दुसरं पत्र आलं. 'काळजी करू नको. वॉर्डात झाडझूड करणारी मारियाबाई मूळची मेक्सिकोची आहे. ती मला रोज घरून टॉर्टिया आणून देते. कागद संपला, बाकी पुढच्या पत्रात.'

"टॉर्टिया म्हंजे काय सर?" जयवंताबाईनं विचारलं. "पोरगी काय खाऊन राहिली थे सांगा न मले."

सरांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. ओसरीवर चौघं त्यांच्याकडे पाहत होते.

"गोड पदार्थ असतो तिकडचा," सर म्हणाले. "जिलबीसारखा."

"जिलबी?" बाईचा चेहरा उतरला. "जिलबीनं का जेवण होते, सर?" आणि पदर सावरत ती निघून गेली.

सरांनी घरातली जुनी डिक्शनरी काढली. तीत तो शब्दच नव्हता. सीताबर्डीच्या वाचनालयात जाऊन पाहू म्हणाले आणि उद्या-परवा करत राहिले. एकदा ठोकून दिलेलं खोटं ठरलं तर काय, ही धास्ती होती, हे खरं.

चैत्रातल्या एका सकाळी त्यांची बायको शोभाताई नळावरून रिकामी घागर घेऊन परतली. "जयवंता चक्कर येऊन पडली नळावर. नुसती हाडं उरली तिची. अन् तुमची जिलबी!"

सर चहा तसाच टाकून उठले. वाचनालयातला जाडजूड कोश उघडला. शब्द होता. 'मक्याच्या पिठाची पातळ, गोल भाकरी. तव्यावर भाजतात. मेक्सिकोतील लोकांचं रोजचं अन्न.' खाली, तो शब्द कसा वापरतात ते दाखवणारं एक वाक्य होतं. सरांनी ते कागदावर उतरवून घेतलं आणि भर उन्हात सायकल हाणत लकडगंज गाठलं.

जयवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला गल्लीतल्या बायका होत्या. सर दारातच उभे राहिले.

"जयवंताबाई, मी खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं. टॉर्टिया म्हणजे भाकर. मक्याची भाकर."

सरांना वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार, आणि त्या आपण खाल्ल्याच पाहिजेत.

"मन राखाले तं नाही सांगून राहिले?" बाईनं विचारलं.

सरांनी खिशातला कागद काढला. "कोशातलं वाक्य आहे. 'म्हातारी चुलीपुढे बसून दोन्ही हातांवर टॉर्टिया थापत होती.'"

"थापत होती?"

"थापत होती."

"अजून एकडाव वाचा."

सरांनी पुन्हा वाचलं. जयवंताबाई भिंतीला धरून उठली. बायका धरायला धावल्या तर तिनं हात झटकले. खुंटीवरचा तवा तिनं स्वतः काढला. पीठ घरात नव्हतं, ते शेजारून आलं. चूल पेटली. कितीतरी दिवसांनी त्या घरातून थापण्याचा आवाज आला, आणि सर चपला हातात घेऊन उंबऱ्यावर तसेच बसून राहिले.

भाकर टम्म फुगली. बाईनं ती परातीत घेतली, एक तुकडा मोडला, आणि तो हातात धरून तशीच थांबली.

"जेवली वं माय माही पोरगी," ती म्हणाली, आणि तिनं घास तोंडात घातला.